तिकिटाचे दात आणि टूलरूमचा माणूस

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त पत्रं दातांबद्दलची आहेत. संपादक हसून म्हणाले, दंतवैद्यांचं सदर आठव्या पानावर आहे, तिकडे पाठवू का? नको म्हटलं. हे दात टपाल तिकिटाच्या कडेचे, भोकांच्या रांगेवरून फाडलं की उरतात ते, म्हणजे माझेच.

नवीन वाचकांसाठी एवढंच सांगतो की मी नाशिकरोडचा. इथल्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये १९२६ पासून टपाल तिकिटं छापली जातात, त्यामुळे मी तिथून रिटायर झालो असं लोक गृहीत धरतात. तसं नाही. मी एकतीस वर्षं सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूमला होतो. पंच (भोक पाडणारा दांडा) आणि डाय (त्याखालचा भोकाचा ठोकळा) करणं, त्यांना धार लावणं, पत्र्याला बर, म्हणजे कापलेल्या कडेला खरबरीत काठ, आली की शिव्या खाणं, हे माझं काम. तिकिटाला भोकं पाडणं म्हणजे कागदावरचं पंचिंगच, म्हणून हा विषय निघाला की मी जरा लांबतो. सांभाळून घ्या.

*

प्रश्न : काका, माझे सासरे १९४६ ते ४९ तिरुवनंतपुरमला एका कापडाच्या पेढीवर होते. त्यांच्या ट्रंकेत त्रावणकोर अंचलची (त्या संस्थानाच्या स्वतःच्या टपालाची) बरीच तिकिटं निघाली. त्यात अष्टमुडी तलावाचं एक चक्रमचं (तिथलं नाणं) हिरवं तिकीट अकरा वेळा आहे. इंटरनेटवरून परफोरेशन गेज, म्हणजे कडेची भोकं मोजायची ठिपक्यांच्या रांगांची पट्टी, उतरवून घरीच छापलं आणि मोजलं. पाच तिकिटं चारही बाजूंनी १२ आली, चार ११½ आली. एकाची वरची-खालची बाजू ११½ आणि उभ्या बाजू १०½. कॅटलॉगमध्ये ११, १२, १२½ आहे, पण ११½ आणि १०½ कुठेच नाही. अकराव्या तिकिटाचं तर काहीच जुळत नाही. वरच्या बाजूला डावीकडे ठिपके भोकांत बसतात, उजवीकडे जाईपर्यंत सरकलेले असतात. माझ्याकडे काही दुर्मीळ आहे का, की माझे डोळे गेलेत? (एक वाचक, सांगली)

उत्तर : ताई, डोळे शाबूत आहेत. तुमचं गेज खोटं बोलतंय, आणि तेही अगदी शिस्तीत, एकाच मापाने. म्हणून तर ते सापडलं.

आधी गेज म्हणजे काय ते बघू. १८६६ मध्ये पॅरिसच्या डॉ. लेग्रां यांनी ठरवलं की दोन सेंटिमीटर लांबीत किती भोकं येतात ते मोजायचं आणि तोच आकडा तिकिटाला लावायचा. आजही जगभर तेच चालतं. १२ म्हणजे दोन सेंटिमीटरला बारा, म्हणजे एका भोकाच्या मध्यापासून पुढच्याच्या मध्यापर्यंत १.६७ मिलिमीटर. आमच्या भाषेत पिच. ११ चा पिच १.८२, १२½ चा १.६०.

आता तुमचे आकडे. तुमचे ११½ म्हणजे १२ असणार, १०½ म्हणजे ११ आणि १२ म्हणजे १२½. तिन्ही ठिकाणी साधारण चार टक्क्यांनी कमी. घरच्या प्रिंटरवर छापताना 'पानात बसवा' हा पर्याय चालू राहिला, की पान थोडं आकसून छापलं जातं. ठिपके जवळजवळ येतात, मग १२ चं तिकीट ११½ च्या रांगेत नीट बसतं. त्या कागदावर दहा सेंटिमीटरची रेघ असेल तर स्टीलची पट्टी लावून बघा. ९ सेंटिमीटर ६ मिलिमीटरच्या आसपास भरेल, पैज लावतो. पुन्हा छापताना 'मूळ आकार', शंभर टक्के, हा पर्याय घ्या. नाही तर बाजारात पारदर्शक गेज मिळतं ते घ्या, सर्वांत उत्तम. स्टॅन्ली गिबन्स या तिकिटांच्या कंपनीच्या इन्स्टँटा गेजवर एकमेकींकडे झुकत जाणाऱ्या रेघा असतात, तिकीट सरकवत नेलं की १२.३, १३.७ असे दशांशसुद्धा वाचता येतात.

टूलरूममध्ये कुठलंही मोजायचं हत्यार आधी 'मास्टर'वर, म्हणजे खात्रीच्या मापाच्या नमुन्यावर, तपासतात. तिकिटांसाठी माझा मास्टर आहे १९४८ चं दीड आण्याचं गांधीजींचं तिकीट. ते १५ ऑगस्ट १९४८ ला निघालं, स्वित्झर्लंडच्या कूर्वोझिए छापखान्यात छापलेलं, चारही बाजूंनी ११½. स्विस माणसांनी भोकं अशी पाडली आहेत की बघत राहावं. नवीन गेज आलं की आधी त्यावर लावतो. ते चार किमतींत निघालं होतं, त्यांतलं दीड आण्याचं सर्वांत स्वस्त, वापरलेलं तर सहज मिळतं. एक घेऊन ठेवा. दहा रुपये किंमत छापलेलं घेऊ नका, त्या पैशात सांगलीहून तिरुवनंतपुरमला जाऊन परत याल.

गेज न वापरता मोजायचं असेल तर भिंग आणि अर्ध्या मिलिमीटरच्या खुणांची पट्टी पुरते. एका भोकाच्या मध्यापासून दहा अंतरं मोजा (भोकं अकरा होतील, इथे सगळे चुकतात), ती किती मिलिमीटरमध्ये बसली ते बघा. दहाला त्या लांबीने भागून वीसने गुणा. १६.७ मिलिमीटर आलं तर १२, १८.२ आलं तर ११, १६ आलं तर १२½. बघा, १२ आणि १२½ यांत दहा अंतरांमागे पाऊण मिलिमीटरसुद्धा फरक नाही. म्हणून बाजू लांब असेल तर पंधरा-वीस अंतरं घ्या. व्हर्निअर कॅलिपरचे जबडे मात्र तिकिटाला लावू नका. मी लावले आहेत. दाताची टोकं चेपतात आणि जन्मभर चेपलेली राहतात.

कागदाचंही ऐका. कागद पाण्यात पडला की फुगतो, वाळला की आकसतो, आणि तंतूंच्या आडव्या दिशेला जास्त. एक टक्का आकसला तरी १२ चं १२.१ होतं. कॅटलॉगवाले आकडे अर्ध्या-पावावर आणून ठेवतात ते याचसाठी. १२.१ आलं म्हणून नवा शोध लागला असं समजू नका.

तर पाच तिकिटं १२½ ची, चार १२ ची. दहावं, वर-खाली १२ आणि उभ्या बाजू ११, ते संयुक्त परफोरेशन. लिहिताना आडवी बाजू आधी, उभी नंतर : १२ × ११. त्रावणकोर आणि कोचीन या दोन संस्थानांच्या अंचल तिकिटांत अशा जोड्या भरपूर, आणि १९३९ च्या, म्हणजे तुमच्या तिकिटाच्या, मालिकेत तर ११, १२, १२½ आणि त्यांचे संयोग शोधणं हाच अनेकांचा छंद आहे. १ जुलै १९४९ ला दोन्ही संस्थानं एक झाली, जुन्या तिकिटांवर नवा ठसा मारला गेला आणि तोच घोळ पुढे चालू राहिला.

असं का होतं? भोकं पाडायच्या मुख्य तीन तऱ्हा. सरळ रांगेच्या यंत्रात पिनांची एकच ओळ असते. शीट सरकवत आडव्या सगळ्या रांगा पाडायच्या, मग शीट फिरवून उभ्या. फिरवून दुसऱ्याच यंत्रात घातलं, आणि त्याचा पिच वेगळा असला, तर झालं १२ × ११. कंगव्याच्या यंत्रात एका फटक्यात तिकिटाच्या तीन बाजू पडतात. तिसऱ्या तऱ्हेत पूर्ण शीट एकदम. ओळखायचं कोपऱ्यावरून. कंगव्याच्या तिकिटाचा कोपरा नीटस, चारही सारखे. सरळ रांगेच्या तिकिटाच्या कोपऱ्यावर उभी आणि आडवी रांग कशीही भेटते. कुठे दोन भोकं एकमेकांत शिरलेली, कुठे अर्धाच दात. शिवाय शीट सरकवणारा हात माणसाचा, म्हणून तिकिटांची रुंदीसुद्धा अर्धा-एक मिलिमीटर मागेपुढे. तुमची अकराही तिकिटं एकावर एक न ठेवता शेजारी शेजारी मांडा आणि कोपरे बघा. मला काय म्हणायचंय ते दिसेल.

आता अकरावं, माझं आवडतं. डावीकडे जुळतं, उजवीकडे सरकतं. वरच्या बाजूचे डावे आणि उजवे अर्धे भाग वेगळे मोजा, मग खालची बाजू तशीच मोजा. दोन्ही अर्ध्यांत खरंच फरक निघाला तर पिना सारख्या अंतरावर बसवलेल्या नव्हत्या, किंवा एखादी वाकली होती. वाकलेली पिन चटकन कळते, कारण तिचं भोक रांगेच्या रेघेवर नसतं, किंचित वर नाही तर खाली असतं. दात फाटून ओढला गेला असेल तर भोक लांबट दिसेल, तो यंत्राचा दोष नव्हे, तो फाडणाऱ्याचा. आणि भोकात कागदाची टिकली तशीच लटकत असेल तर ते आंधळं भोक. पंच आणि डाय यांतली फट वाढली किंवा धार मेली की आमच्या पत्र्यालाही हेच व्हायचं.

कॅटलॉगमध्ये याची वेगळी खूण आहे, तीत बरेच जण फसतात. '१४ × १६' म्हणजे आडवी चौदा, उभी सोळा. '१४ ते १६' म्हणजे एकाच बाजूवर अंतर कमीजास्त होत जातं, कुठे चौदा भरतं, कुठे सोळा. लंडनच्या पर्किन्स बेकन कंपनीने १८६० च्या सुमारास वसाहतींसाठी केलेल्या तिकिटांत हे खूप सापडतं. अँटिग्वाचं १८६२ चं पहिलं तिकीट 'खरबरीत, १४ ते १६' असं नोंदलेलं आहे. सिलोनची १८६१ पासूनची राणी व्हिक्टोरियाची तिकिटं तर १४ ते १५½, आणि त्यांची भोकंही तीन दर्जांची : स्वच्छ कापलेली, मधली आणि खरबरीत. मुंबईत फोर्टच्या फुटपाथवर मला एक खरबरीत सिलोन मिळालं तेव्हा विकणारा म्हणाला, 'खराब आहे, निम्म्यात घ्या.' मी निम्म्यात घेतलं. नंतर त्याला खरं सांगायला गेलो, तर तो तिथे नव्हता. पुढच्या रविवारी मी गेलो नाही, हेही खरं.

अशा तिकिटाला एका आकड्यात कोंबू नका. अल्बममध्ये सरळ लिहा : वरची बाजू डावीकडे अमुक, उजवीकडे असमान, बाकी बाजू जे भरेल ते. दुर्मीळ आहे का ते मी फोटो बघितल्याशिवाय म्हणणार नाही, आणि बघूनही कदाचित म्हणणार नाही. पण वेगळं आहे, ते वेगळ्या पाकिटात ठेवा. पिनांच्या त्याच ओळीने शेकडो शीटं टोचली असतील. वाकलेली पिन प्रत्येक वेळी त्याच जागी वाकडंच भोक पाडते. तसंच दुसरं तिकीट कधी हाती लागलं तर दोघांची भोकं एकमेकांशी पडताळता येतील, आणि मग ती एकाच यंत्रातून गेलीत असं छातीठोक म्हणता येईल.

खरं तर या वाकडेपणावर मी इतका का बोलतो, त्याला कारण आहे. १९७८ साली, मी नवा फिटर असताना, माझ्याकडे कोचीनचं १८९२ च्या मालिकेतलं अर्ध्या पुत्तनचं (कोचीनचं नाणं) तिकीट होतं. त्याची उजवी बाजू कुणीतरी कात्रीने साफ कापलेली. बाकी तीन बाजू १२. मला वाटलं, हे तर माझंच काम. जेवणाच्या सुट्टीत १.६७ च्या पिचची छोटी पंचपट्टी केली, खाली पितळेचा डाय, आणि टक् टक् टक् करून त्या बाजूला भोकं पाडली. झकास दिसलं. फोरमनला दाखवलं. त्याला तिकिटांतलं ओ की ठो कळत नव्हतं. त्याने भिंग डोळ्याला लावलं आणि म्हणाला, 'ही बाजू नवीन केलीस ना?' कशावरून? म्हणाला, 'बाकीच्या तीन बाजू कुणीतरी घाईत केल्यात. ही तू निवांत केलीस.'

खऱ्या बाजूंच्या दातांच्या टोकांना फाडल्याचे तंतू होते, भोकं थोडी मागेपुढे, एकाची कड खरबरीत. माझी भोकं एकसारखी गोल, एका रेघेत, दातांची टोकं सपाट. तिकीट कायमचं गेलं. पण ते मी अजून ठेवलंय. कुणी विकत घेण्याआधी तिकीट दाखवायला आणलं की आधी ते काढतो आणि शेजारी ठेवतो. तुमच्या दहाव्या तिकिटाच्या उभ्या बाजूंनाही हीच परीक्षा लावा. ११ ची भोकं १२ च्या भोकांपेक्षा जास्तच गुळगुळीत दिसली तर मला कळवा.

*

प्रश्न : मी मूळची चिपळूणची, आता ऑकलंडला असते. इथल्या एका लिलावातल्या खोक्यात न्यूझीलंडचं जुनं एक पेनीचं लाल तिकीट मिळालं. मागच्या बाजूला एका कडेने कागदाची पातळ पट्टी चिकटवलेली आहे आणि त्या कडेला भोकांच्या दोन रांगा एकमेकींवर आल्या आहेत. कुणीतरी दुरुस्त केलेलं दिसतंय. पट्टी पाण्यात सोडवून काढू का?

उत्तर : थांबा! ते पाण्यात घालू नका. हे छापून तुमच्यापर्यंत पोचायला महिना जाईल, म्हणून वेगळं पत्रही टाकलंय.

दुरुस्ती झालीय हे खरं, पण ती बहुधा सरकारी छापखान्यातच झालीय. १९०१ ते १९०७ या काळात तिथे एखाद्या शीटवर भोकं चुकीच्या जागी पडली की शीट फेकून देत नसत. चुकलेल्या रांगेच्या मागे कागदाची पट्टी डकवायची आणि दुसऱ्या यंत्रातून पुन्हा भोकं पाडायची. पहिली रांग ११ ची असेल तर दुसरी १४ ची, किंवा उलट. कॅटलॉगात याला मिश्र परफोरेशन म्हणतात. संयुक्त वेगळं, मिश्र वेगळं. संयुक्तात दोन बाजूंचे आकडे वेगळे, मिश्रात एकाच कडेवर दोन. पट्टी निघाली की तिकिटाचा पुरावाच गेला.

भोकं मोजा. एक रांग ११ आणि दुसरी १४ आली, दुसऱ्या रांगेची भोकं तिकीट आणि पट्टी दोन्हींतून आरपार गेली असली, आणि पहिल्या रांगेची भोकं पट्टीने झाकली गेली असली, तर क्रम बरोबर लागतो : आधी भोक, मग पट्टी, मग पुन्हा भोक. पट्टी नंतर कुणी घरी लावली असेल तर हा क्रम जुळणार नाही. तरीही विकायचं किंवा विमा उतरवायचा असेल तर तिथल्या तज्ज्ञाचं प्रमाणपत्र घ्या. हा प्रकार नकली करायला सोपा आहे, आणि नाशिकरोडला बसून मी त्याची हमी देणार नाही.

*

प्रश्न : नागपूरच्या एका प्रदर्शनात एक अलीकडचं भारतीय तिकीट 'बिनदाती, छपाईची चूक' म्हणून विकायला होतं. एकच तिकीट, चारही बाजू सरळ. दोन हजार सांगितले. घ्यावं का?

उत्तर : एकटं असेल तर नाही. साध्या तिकिटाचे दात कात्रीने उडवले की चारही बाजू सरळच होतात. जोडी मागा, म्हणजे दोन तिकिटं एकमेकांना जोडलेली आणि मध्ये भोक नाही अशी. मधल्या जागेत कुणी कात्री चालवून लपवू शकत नाही. जोडी नसेल तर निदान कडा इतक्या रुंद हव्यात की दात असलेल्या तिकिटातून त्या कापून निघणंच शक्य नाही.

जुन्या तिकिटांना हा नियम लावू नका. आपली १८५४ ची लिथोग्राफची, म्हणजे शिळाछापाची, तिकिटं, निळा अर्धा आणा, लाल एक आणा, दोन रंगांतले चार आणे, ही बिनदातीच निघाली, पोस्टमास्तर कात्रीने कापून द्यायचा. पेनी ब्लॅक या जगातल्या पहिल्या टपाल तिकिटाचंही तसंच. दात आले ते हेन्री आर्चर नावाच्या आयरिश माणसाच्या खटपटीने. त्याने १८४७ पासून यंत्रावर डोकं खपवलं, आणि १८५३ मध्ये ब्रिटिश सरकारने त्याचे हक्क चार हजार पौंडांना घेतले. १८५४ ला ब्रिटनमध्ये दाती तिकिटं आली ती १६ च्या मापाची. भोकं इतकी जवळ की शीट हाताळतानाच सुटायचं. पुढच्याच वर्षी १४ केलं. आमच्याकडे याला 'ट्रायल रन' म्हणायचे, फक्त आमचा ट्रायल राणीच्या तोंडावर होत नसे.

*

प्रश्न : आजोबा, मी सातवीत आहे, बारामतीला. मावशीने लंडनहून पत्र पाठवलं. त्यावरच्या राणीच्या तिकिटाच्या दोन्ही उभ्या बाजूंना एकेक मोठं लांबट भोक आहे. बाकी भोकं बारीक. मित्र म्हणतो तिकीट बिघडलंय. खरं का?

उत्तर : नाही रे बाळा, मित्राला सांग, ते मुद्दाम केलंय. ब्रिटनने १९९३ पासून रोजच्या तिकिटांना अशी लंबगोल भोकं पाडायला सुरुवात केली, नकली तिकिटं करणाऱ्यांची अडचण व्हावी म्हणून. साधी भोकं पाडायचं यंत्र मिळवणं सोपं, मध्येच एक लंबगोल आणणं अवघड. नेदरलँड्सने तर १९२५ मध्येच गुंडाळीच्या तिकिटांवर मधूनमधून भोकं गाळायला सुरुवात केली होती, म्हणजे तिकीट विकणाऱ्या यंत्रातून निघताना गुंडाळी अधेमधे तुटू नये. कधी असं तिकीट मिळालं तर दात गळालाय असं समजू नकोस.

आता एक काम कर. तिकीट पाकिटावरून ओढून काढू नकोस. पाकिटाचा तेवढा तुकडा चारही बाजूंनी दोन बोटं जागा सोडून काप आणि तसाच ठेव. लंडनच्या नव्या तिकिटांचा डिंक पाण्यात सुटेलच असं नाही. मग दोन्ही लंबगोल भोकं वरून कितवी येतात ते मोज, आणि मावशीच्या पुढच्या पत्रावर पुन्हा मोज. दोन्हीकडे आकडा सारखा आला की नाही, ते मला पोस्टकार्डावर कळव. पोस्टकार्ड टाकताना स्वच्छ अक्षरात तारीख घाल, मागच्या मुलाने घातली नव्हती.